यू मुंबा संघातील श्रेष्ठ खेळाडू

यू मुंबा हा प्रो कबड्डी लीगमध्ये मुंबईचे प्रतिनिधित्व करणारा व्यावसायिक कबड्डी संघ आहे. 2014 साली लीग सुरू झाल्यापासून तो स्पर्धेत आहे. पहिल्या तीनही हंगामांत अंतिम सामना खेळलेल्या या संघाने 2015 साली विजेतेपद पटकावले. अनुप कुमार, फझल अत्राचली, सिद्धार्थ देसाई, रिशांक देवाडिगा, मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा यांची गणना संघाच्या श्रेष्ठ खेळाडूंमध्ये होते.

श्रेष्ठत्वाचा निकष

राज्य अजिंक्यपद स्पर्धेत जळगाव, धुळे किंवा कोल्हापूरचा संघ त्या त्या जिल्ह्याच्या नावाने उतरतो. लीगमध्ये मात्र खेळाडू लिलावातून येतो आणि लिलावातूनच जातो. त्यामुळे यू मुंबाचा श्रेष्ठ खेळाडू ठरवताना गुणांइतकाच संघातील वास्तव्याचा कालावधीही विचारात घ्यावा लागतो.

अनुप कुमार

या दोन्ही निकषांवर अनुप कुमारचे स्थान निर्विवाद आहे. हरियाणातील या चढाईपटूने पहिले पाचही हंगाम यू मुंबाचे नेतृत्व केले. पहिल्या हंगामात 155 चढाईगुण मिळवून तो लीगमध्ये अव्वल ठरला. 31 ऑगस्ट 2014 रोजीचा अंतिम सामना संघाने जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध 24-35 असा गमावला.

ताकदीपेक्षा पदलालित्य हे त्याचे वैशिष्ट्य होते. बचाव करणारे सहा किंवा अधिक खेळाडू मैदानात असताना चढाईपटूने एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला आणि मागचा पाय हवेत राहिला, तर एक गुण मिळतो. हा गुण मिळवण्यात अनुपचा हातखंडा होता. आघाडी असताना सामन्याची गती मंदावणे, प्रतिस्पर्ध्याला घाई करायला लावणे हेही त्याच्या डावपेचांत येई. 2016 च्या विश्वचषकात त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने इराणला 38-29 असे हरवले. सहाव्या हंगामात तो जयपूरकडून खेळला व त्याच हंगामात निवृत्त झाला.

विजेता संघ

2015 च्या हंगामात यू मुंबाने साखळीतील 14 पैकी 12 सामने जिंकले आणि 23 ऑगस्ट रोजी अंतिम सामन्यात बंगळूर बुल्सला 36-30 असे नमवले. दोन्ही कोपऱ्यांवर छिल्लर व नाडा, मध्ये जीवा कुमार व मुंबईचा विशाल माने अशी ती बचावफळी होती. चढाईत शब्बीर बापू आणि देवाडिगा यांची साथ होती. लागोपाठ दोन चढाया निष्फळ ठरल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो. ही जोखमीची चढाई बहुधा मुंबईकर देवाडिगाकडे येई. पुढे जानेवारी 2018 मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनंतर राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले.

मार्च 2016 मध्ये पाटणा पायरेट्सविरुद्ध 28-31 असा तिसरा अंतिम सामना गमावल्यानंतर हा संघ फुटला. छिल्लर 53 लाख रुपयांच्या बोलीवर बंगळूरकडे गेला, नाडाही तेथेच गेला, तर अत्राचली पाटण्याकडे.

फझल अत्राचली

इराणमधील गोरगानचा हा डाव्या कोपऱ्याचा बचावपटू 2015 च्या विजेत्या संघात होता; मात्र त्या वेळी छिल्लर व नाडा यांच्यामुळे तो काहीसा झाकोळलेला राहिला. 2018 च्या लिलावात यू मुंबाने त्याला एक कोटी रुपयांना परत घेतले. लीगच्या लिलावात कोटीचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू होय. त्याच वर्षी आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याच्या इराण संघाने भारताला उपांत्य फेरीत पराभूत केले होते. सहाव्या ते आठव्या हंगामात तो यू मुंबाचा कर्णधार होता. सातव्या हंगामात संघ उपांत्य फेरीत बंगाल वॉरियर्सकडून 35-37 असा हरला.

सिद्धार्थ देसाई

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा देसाई यू मुंबाकडून केवळ एक हंगाम खेळला. 2018 च्या त्या पदार्पणाच्या हंगामात त्याने 218 चढाईगुण मिळवले. एका हंगामाच्या कामगिरीवर त्याला अनुपच्या पंक्तीला बसवणे अनेकांना मान्य होत नाही; तरी बचावपटूंना अंगावर घेऊन मध्यरेषा गाठणारा असा जोरकस चढाईपटू संघाला क्वचितच लाभला. पुढील लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला 1.45 कोटी रुपयांना घेतले. यू मुंबाने 2016 नंतर अंतिम सामना गाठलेला नाही.