नांगरटींतील इतिहास

भूमिगत धनाची ओढ मनुष्यास फार जुनी आहे. पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलें म्हणजे त्याला जमिनीखालचा हंडा दिसतो, आणि त्या हंड्यावर नाग वेटोळें घालून बसलेला असतो, ह्या गोष्टी आमच्या बहुतेक वाचकांनीं आजीच्या तोंडून ऐकल्या असतील. विलायतेंत हें पायाळूचें काम सांप्रत एक यंत्र करतें. सर्रास त्यास मेटल डिटेक्टर म्हणतात. आम्ही धातुशोधक म्हणूं. तेथेंही एक वेटोळें आहेच, मात्र तें तारेचें. काठीच्या टोकाशीं बसविलेल्या ह्या वेटोळ्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली कीं खालच्या धातूंत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्याची वर्दी शोधणाराच्या कानांत आवाजानें मिळते. १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड ह्यांस गोळी लागली, तेव्हां ती शरीरांत कोठें रुतली आहे हें पाहण्याकरितां टेलिफोनकर्त्या बेलनें असेंच एक उपकरण घेऊन धांव घेतली होती; गोळी कांहीं सांपडली नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत सुरुंग हुडकण्याच्या कामीं हीं यंत्रें उपयोगी पडलीं, आणि पुढें हौशी लोकांच्या हातीं आलीं. १९७० नंतर तर इंग्लंडांत ह्या छंदाची लाटच उसळली.

आतां, हे हौशी लोक कोठें जाणें पसंत करतात? परक्यास वाटेल, पडका किल्ला, ओसाड मठ किंवा रोमन सरदाराच्या वाड्याचे अवशेष. परंतु अशा संरक्षित स्थळीं परवान्यावांचून धातुशोधक नुसता चालविणें हाही १९७९ च्या कायद्यानें गुन्हा ठरला आहे, आणि आमच्या मतें तें योग्यच झालें. जाणत्या हौशी माणसाची आवडती जागा पाहावयास अगदीं नीरस असते: पीक निघाल्यावर नांगरून ठेवलेलें साधें शेत! ह्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. सामान्य यंत्रास एखादें नाणें वीतभर खोलीपर्यंत कळतें. त्याहून फार खालचें कळत नाहीं. नांगराचा फाळही साधारण तेवढीच माती उलथतो. ह्या थरांतील वस्तु आपल्या मूळच्या अंथरुणावरून केव्हांच उठलेली असते. ती उचलल्यानें इतिहासाचें पान फाटत नाहीं, उलट फाळाच्या आणि खतांच्या तडाख्यांतून ती वांचते. मालकाची परवानगी घ्यावी, आणि वस्तु कोठें मिळाली तें टिपून ठेवावें, एवढें मात्र अवश्य. शेतांत सांपडणाऱ्या बुटांच्या बकला, गुंड्या, शिवणकामाचीं टोपणें ह्यांतील पुष्कळशा वस्तु तेथें कोणीं हरवलेल्या नसतात. घरच्या केरकचऱ्याबरोबर उकिरड्यावर आणि तेथून खताच्या गाडींतून त्या रानांत आलेल्या असतात.

ह्याखेरीज जुन्या पाऊलवाटा, नदीचे उतार, जत्रांचीं मैदानें हींही आवडतीं ठिकाणें आहेत. जेथें माणसें जमतात तेथें खिशांतून कांहीं ना कांहीं गळतेंच. वादळानंतर समुद्रकांठची वाळू वाहून गेली कीं अंगठ्या उघड्या पडतात. लंडनमध्यें ओहोटीच्या वेळीं टेम्सचा चिखल उघडा पडतो. त्यांत प्राणवायूचा शिरकाव नसल्यामुळें मध्ययुगीन यात्रेकरूंचे शिशाचे बिल्लेसुद्धां चांगले टिकले आहेत. तेथें शोधावयास परवाना लागतो.

रणभूमीची गोष्ट निराळी. १४८५ सालीं बॉसवर्थ येथें तिसरा रिचर्ड पडला. ही लढाई अँबियन टेकडीवर झाली असें दीर्घकाळ मानीत. पुढें संशोधकांनीं धातुशोधक घेऊन आसपासचीं शेतें वर्षानुवर्षें पट्ट्यापट्ट्यांनीं पालथीं घातलीं. तेव्हां शिशाचे गोळे आणि रिचर्डचें चिन्ह असलेला रुप्याचा मुलामी रानडुकराचा बिल्ला मिळाला, तो त्या टेकडीपासून सुमारें दोन मैलांवर. एकेक गोळा कवडीमोलाचा. परंतु प्रत्येकाची जागा नकाशावर मांडली गेली म्हणून २०१० सालीं रणांगणच हलवावें लागलें.

परंतु खरी परीक्षा असते ती नांगराच्या थराखालून आवाज येतो तेव्हां. १९९२ सालीं सफोक परगण्यांतील हॉक्सन गांवीं एका शेतकऱ्याचा हातोडा शेतांत हरवला. तो शोधण्याकरितां त्यानें एका निवृत्त माळ्यास बोलाविलें, आणि हातोड्याऐवजीं आधीं रोमन नाण्यांचा ढीग लागला. माळ्यानें खणणें थांबवून वर्दी दिली. दुसऱ्या दिवशीं पुरातत्त्वज्ञांनीं तो ठेवा जसाच्या तसा उकलला. सुमारें १५,००० नाणीं आणि सोन्यारुप्याच्या वस्तु निघाल्याच, पण कुजून गेलेल्या लाकडी पेटीच्या खुणा आणि आंतल्या डब्यांचीं चिमुकलीं कुलुपेंही मिळालीं. २०१० सालीं फ्रोम येथें तसाच संयम दुसऱ्या एका हौशी गृहस्थानें दाखविला. तेथील रांजणांत ५२,५०३ नाणीं होतीं. तीं थराथरानें काढलीं तेव्हां कारॉशिअस नांवाच्या बंडखोर सम्राटाचीं बहुतेक नाणीं रांजणाच्या खालच्या अर्ध्या भागांत आढळलीं. हीं नाणीं ह्या ठेव्यांतील अगदीं उत्तरकालीन. तेव्हां हा रांजण कोणा कृपणानें वर्षानुवर्षें भरलेला नसून एकाच वेळीं भरलेला असावा, कदाचित् देवतेस अर्पण म्हणून, असें अनुमान निघालें. सर्व नाणीं एकदम टोपलींत ओतलीं असतीं तर हें सुचण्यास आधारच राहिला नसता.

ठेवा अखंड राहण्याचें महत्त्व आमच्याकडेही एकदां दिसून आलें आहे. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगलटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं ९,००० हून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. सराफाच्या मुशींत तीं एकेक करून वितळलीं असतीं तर ह्या विजयाचा केवढा पुरावा नाहींसा झाला असता!

इंग्लंड आणि वेल्समध्यें १९९६ च्या कायद्याप्रमाणें असा ठेवा १४ दिवसांच्या आंत कळवावा लागतो. संग्रहालयानें तो घेतला तर मोबदला बहुधा शोधणारा व जमीनमालक ह्यांत वांटला जातो. कायदा उदार आहे, तरी लोभ सुटत नाहीं. २०१५ ह्या एकाच वर्षांतील दोन शोध पाहावेत. वॉटलिंग्टनचा ठेवा मातीच्या गोळ्यासह उचलून संग्रहालयांत नेला गेला. त्यांतील कांहीं नाण्यांवर दोन सम्राट शेजारीं बसलेले दिसतात. हा ठसा वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ ह्या दोघांनींही वापरला होता. वेसेक्सच्या बखरकारांनीं केओलवुल्फला व्हायकिंगांच्या हातांतलें बाहुलें ठरवून टाकलें होतें. नाणीं सांगतात कीं तो आल्फ्रेडचा बरोबरीचा दोस्त होता. बखरी जेत्यांच्या बाजूनें लिहिल्या जातात हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

त्याच वर्षीं लेमिन्स्टरजवळच्या शेतांतही ह्याच काळचा ठेवा निघाला. शोधणारांनीं मालकाची परवानगी घेतली नाहीं, सरकारांत वर्दी दिली नाहीं, आणि नाणीं गुपचूप विकण्यास काढलीं. २०१९ सालीं दोघांस दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. त्यांनीं पुसून टाकलेलीं छायाचित्रें परत मिळविल्यावर मूळचीं नाणीं सुमारें ३०० असावींत असा अंदाज निघाला. खटला उभा राहिला तोंवर त्यांतील जेमतेम ३० नाणीं, एक सोन्याची अंगठी, एक बाहुभूषण, रुप्याची एक कांब आणि स्फटिकाचा एक लोलक एवढेंच हातीं लागलें होतें.