गंजाखालचे दोन शब्द

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुन्या हत्यारांचे ढीग असतात. करवती, कानशी, रंध्याची पाती, मूठ तुटलेल्या पटाश्या, सगळ्यांवर सारखाच तांबूस गंज. त्यातली एखादी जुनी इंग्लिश पटाशी हाती लागली आणि मुठीजवळचा भाग घासला, तर पुसट अक्षरं दिसू शकतात. वर शेफील्डच्या कारखानदाराचं नाव आणि खाली ‘कास्ट स्टील’. नवखा माणूस इथे फसतो. कास्ट म्हणजे बीड, बीड म्हणजे ठिसूळ, असं समजून तो पटाशी परत ढिगात टाकतो. खरं तर हे दोन शब्द त्या काळातल्या उत्तम पोलादाची ग्वाही होते.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये पोलाद करण्याची रीत वेगळी होती. घडीव लोखंडाच्या कांबी लोणारी कोळशात पुरून, हवाबंद करून कित्येक दिवस तापवायच्या. कोळशातला कार्बन हळूहळू लोखंडात मुरायचा. पण बाहेर जास्त, आत कमी. कांबीवर फोड यायचे, म्हणून याला ‘ब्लिस्टर स्टील’ म्हणत. चाकू-सुऱ्यांना ते चालून जाई, पण घड्याळाच्या नाजूक स्प्रिंगला नाही.

हे दुखणं एका घड्याळजीचं होतं. त्याचं नाव बेंजामिन हंट्समन. इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचं दुकान सोडून तो 1740 च्या दशकात शेफील्डजवळ गेला. त्याची युक्ती ऐकायला साधी आहे. ब्लिस्टर स्टीलचे तुकडे मातीच्या बंद मुशीत घालून पूर्ण वितळवायचे. वितळलं की कार्बन सगळीकडे सारखा पसरतो आणि मळी वर तरंगते. मग ते साच्यात ओतायचं. ओतलेलं म्हणून ‘कास्ट’. अवघड होतं ते 1,600 अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान गाठणं आणि तेवढ्या आचेत न फुटणारी मूस घडवणं.

शेफील्डच्या कारागिरांनी हे पोलाद आधी नाकारलं. फार कडक आहे, ठोकायला त्रास होतो, ही त्यांची तक्रार. हंट्समनने ते फ्रान्सला विकलं. तिथल्या चांगल्या सुऱ्या बाजारात येऊ लागल्यावर शेफील्डचे डोळे उघडले. हंट्समनने पेटंट घेतलं नव्हतं, त्यामुळे कृती फुटायला फार वेळ लागला नाही. पुढची दीड शतकं सुतारांच्या हत्यारांवर ‘कास्ट स्टील’ हा शिक्का मानाने बसत राहिला.

मुशीतलं पोलाद आपल्याकडे मात्र नवं नव्हतं. दक्षिण भारतात ‘वुट्झ’ नावाचं पोलाद हंट्समनच्या कितीतरी शतकं आधीपासून मुशीतच बनत होतं. मुंबईत काम करणारे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले आणि 1795 मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यावर जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध वाचला गेला.

ओतीव पोलाद महाग होतं. म्हणून बऱ्याच पटाश्या आणि रंध्याची पाती पूर्ण पोलादाची नसत. अंग घडीव लोखंडाचं, आणि धारेच्या बाजूला पोलादाची पातळ पट्टी तापवून, ठोकून एकजीव केलेली. गंज निघाला की कडेला या जोडाची बारीक रेघ दिसते. लोखंडाच्या भागात कधी कधी लाकडासारखे रेषेही दिसतात. ही रेघ धारेपासून किती वर पोचते, यावर त्या हत्याराचं उरलेलं आयुष्य ठरतं. पट्टी झिजून संपली की धार टिकत नाही.

म्हणून साफसफाईत घाई नको. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावला की पाच मिनिटांत हत्यार चकाकतं, पण उथळ शिक्काही झिजतो. घासण्याच्या दगडावर धारेचा भाग निळा पडला, तर पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापलं असं समजा. दिलेलं पाणी उतरलं, ती धार आता मऊ. ती परत कडक करायला नव्याने पाणी द्यावं लागतं.

संथ मार्ग स्वस्तही आहेत. आधी रॉकेलमध्ये भिजवून सुटा गंज खरवडून काढा. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हत्यार बुडवून बॅटरी चार्जरचं ऋण टोक हत्याराला आणि धन टोक भंगारातल्या लोखंडाच्या तुकड्याला जोडा. गंज सैल होतो, खालचं चांगलं लोखंड शाबूत राहतं. दोन गोष्टी मात्र पाळा. यात हायड्रोजन निघतो, तेव्हा काम उघड्यावर करा आणि ठिणगी दूर ठेवा. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बाहेर काढल्यावर लगेच पुसून, सुकवून तेलाचा हात फिरवा.

गंजाखालची काळपट झाक राहू द्यायला हरकत नाही. धार आणि धारेमागचा सपाट भाग एवढाच चकचकीत लागतो. इंग्लिश सुतार स्वतःचं नावही रंध्याच्या लाकडावर, मुठीवर ठोकत. ‘कास्ट स्टील’चा शिक्का आज इतिहासाच्या पुस्तकात वाचता येईल. त्या सुताराचं नाव बहुधा फक्त त्या लाकडावरच उरलेलं असतं. सँडपेपर हातात घेण्याआधी ते वाचून घ्या.