चरख्याचे रूपांतर आणि खादी कार्यकर्त्यांची निष्ठा

ज्या उपकरणावर एका पिढीची श्रद्धा जडलेली असते, त्याचे रूप पालटू लागले म्हणजे उद्भवणारा वाद केवळ यंत्ररचनेपुरता राहत नाही. वर्धा हे ज्या खादीकार्याचे प्रमुख केंद्र होते, त्याच्या इतिहासात चरख्याविषयी असाच वाद झालेला दिसतो.

चरख्यात सुधारणाच नको, अशी या चळवळीची भूमिका कधीही नव्हती. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरखा हलका असावा, खेड्यातील सामान्य घरात हाताने वा पायाने चालविता यावा, स्त्रीला त्यावर विशेष शीण न होता आठ तास काम करता यावे, किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी आणि तो वीस वर्षे टिकावा, अशा त्या अटी होत्या. बक्षीस कोणालाही मिळाले नाही. पुढे येरवड्याच्या कारावासात गांधीजींनी पेटीत मावणाऱ्या, दोन चाकांच्या चरख्यावर परिश्रम घेतले. जुन्या उभ्या चरख्याहून हे रूप अगदी भिन्न होते. तथापि ‘येरवडा चरखा’ कार्यकर्त्यांनी आपला मानला. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेल्या वर्ध्याच्या मगन संग्रहालयाचा हेतूही ग्रामोद्योगांची साधने व त्यांतील सुधारणा लोकांपुढे मांडणे हाच होता.

खरा पेच उत्पन्न झाला तो अंबर चरख्यामुळे. तमिळनाडूतील एकांबरनाथन यांच्या या चरख्यात एकीऐवजी अनेक चात्या होत्या, आणि सूत ओढण्यासाठी गिरणीतील यंत्राप्रमाणे रूळ होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात शासनाने त्यास उत्तेजन दिले. गिरणीमालकांनी त्यास विरोध केला हे स्वाभाविकच. परंतु खादीच्या निष्ठावंतांतही शंका उमटल्या. गावच्या सुताराला जे घडविता येत नाही, ज्याचे भाग बाहेरून आणावे लागतात, ते स्वावलंबनाचे साधन कसे, असा त्यांचा प्रश्न होता.

या आक्षेपास अंधश्रद्धा म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. येरवडा चरख्याचा स्वीकार करणाऱ्या चळवळीला केवळ नव्या आकाराचे भय नव्हते. उलट, अंबरच्या पुरस्कर्त्यांनाही ध्येयच्युत म्हणता येत नाही. कातणाऱ्यांना निर्वाहापुरती मजुरी मिळावी, हे तत्त्व चरखा संघानेच १९३५ साली स्वीकारले होते, आणि एका चातीच्या सुतावर ती मिळणे दुष्कर होते.

सारांश, एकाच वारशातील दोन तत्त्वांचा हा विरोध होय. एका पक्षाने साधन कोणाच्या ताब्यात राहते हे पाहिले, तर दुसऱ्याने त्यावर काम करणारीच्या पदरात काय पडते हे पाहिले. १९२९ च्या अटींत ही दोन्ही तत्त्वे एकत्र नांदत होती. प्रत्यक्ष यंत्रात मात्र ती एकत्र आणणे कठीण ठरले. म्हणूनच या वादाचा अभ्यास करताना चरख्याच्या आकृतीपेक्षा कातणारीची मजुरी आणि सुताराचे कसब यांकडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे.