काडतूसपेटी व काडतूसपट्टा

काडतूसपेटी व काडतूसपट्टा : सैनिकाने बंदुकीची काडतुसे कोरडी व हाताशी बाळगण्यासाठी अंगावर वागवावयाची चामडी साधने. जुन्या पेट्यांचा व पट्ट्यांचा संग्रह हे लष्करी इतिहासाच्या अभ्यासाचे एक उपांग होय.

सतराव्या शतकात यूरोपातील बंदूकधारी सैनिक दारूची मोजून घेतलेली मात्रा लाकडी नळ्यांत भरून त्या खांद्यावरील पट्ट्यास टांगीत. दारू व गोळी एकत्र बांधलेली कागदी काडतुसे प्रचारात आल्यावर त्यांची जागा चामडी पेटीने घेतली. तीत भोके पाडलेला लाकडी ठोकळा असून पाऊस व ठिणग्या यांपासून संरक्षणासाठी वर रुंद झडप असे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) संघराज्याच्या पायदळाच्या पेटीत ठोकळ्याऐवजी पत्र्याचे दोन डबे असून ४० काडतुसे मावत. भारतात १८५७ च्या उठावास निमित्त ठरलेली एन्फील्ड बंदुकीची वंगण लावलेली काडतुसेही कागदीच होती.

धातूच्या काडतुसांमुळे नवी अडचण उद्भवली. कमावलेल्या चामड्यातील टॅनिनाची तांबे व पितळ यांवर क्रिया होऊन हिरवे जंगाल साचे आणि काडतूस कप्प्यात अडकून बसे. अमेरिकन सेनाधिकारी ॲन्सन मिल्स यांनी विणलेल्या सुती पट्ट्यांचा पुरस्कार केला. ब्रिटिश सेनेने १९०८ मध्ये सुती संच स्वीकारला. परंतु पहिल्या महायुद्धात त्याचे उत्पादन अपुरे पडल्याने १९१४ च्या नमुन्याचा चामडी संच काढावा लागला.

निर्मात्याचे व तपासनिसाचे शिक्के, पलटणीचे क्रमांक, शिवणीची पद्धत व झिजेच्या खुणा यांवरून वस्तूचा काळ व वापर ठरविता येतो. चित्रपटांसाठी व युद्धप्रसंगांच्या पुनर्दर्शनासाठी केलेल्या प्रतिकृती अस्सल म्हणून विकल्या जात असल्याने ही पारख महत्त्वाची ठरते. वनस्पतिज द्रव्यांनी कमावलेले जुने चामडे हवेतील गंधकाच्या ऑक्साइडांमुळे झिजून त्याची तांबूस भुकटी होते. ही हानी भरून येत नाही. तेल वा पॉलिश लावल्यास चामडे काळवंडते, धूळ धरते व शिक्के बुजतात. नवी शिवण व रंग यांनी वस्तू देखणी होते, पण तिच्यातील पुरावा नष्ट होतो. म्हणून मूळ स्थितीत फेरफार न करता आत आम्लरहित कागदाचा आधार देऊन ती अंधाऱ्या, मध्यम आर्द्रतेच्या जागी ठेवणे इष्ट असते. पेटीत जिवंत काडतूस आढळल्यास मात्र ते संग्रहाचा भाग मानता येत नाही. भारतात दारूगोळा बाळगण्यावर शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये नियंत्रण आहे.