दिवाळी आणि दिवाळे

चिखलीस राहणाऱ्या आम्हां मंडळींना अमेरिका पाहण्यासाठी विमान लागत नाही. इंद्रायणीच्या काठाने वर तळेगावपर्यंत गेले की पुरे. तिथे एक अमेरिकन पाहुणा येऊन गेला. जनरल मोटर्स त्याचे नाव.

तो प्रथम आला १९२८ साली, मुंबईत. तिथे शेव्हरोले गाड्या जुळवू लागला. स्वातंत्र्यानंतर आपले सरकार म्हणाले, नुसते भाग जुळवू नका, गाडी इथेच घडवा. पाहुण्याने १९५४ साली बिऱ्हाड आवरले. गंमत अशी की, त्याच साली आमच्या शेजारी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. धंदा हे सरकारचे काम नव्हे, हा अमेरिकेचा धडा तेव्हा आपण ऐकत होतो.

पुढे गुजरातेतून फिरून २००८ साली पाहुणा तळेगावास आला. वर्ष पुरते सरले नाही तोच, १ जून २००९ रोजी, मायदेशी त्याचे दिवाळे वाजले. दिवाळीत आणि दिवाळ्यात अंतर ते किती! मग कंपनीचे सुमारे ६० टक्के भाग घेतले कोणी? खुद्द अमेरिकन सरकारने! २०१३ अखेर ते विकूनही टाकले.

२०२० च्या डिसेंबरात तळेगावचे उत्पादन थांबले. कारखान्याला पुढे कोरियाची ह्युंदाई भेटली. कामगारांना मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली. बुडत्या कंपनीसाठी अमेरिकेने आपलाच धडा गुंडाळून ठेवला. कामगारासाठी तसा धडा कोण विसरेल, एवढेच मी विचारतो.