बोरघाटाची चढण

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत २१ मैल आगगाडी धांवली. परंतु मुंबईची गाडी थेट पुण्यास पोहोंचावयास आणखी १० वर्षें लागलीं. मध्यें बोरघाट आडवा होता.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार थोड्या घर्षणानें फिरतें, म्हणूनच एक इंजिन डब्यांची लांबच लांब माळ ओढूं शकतें. चढणीवर मात्र हाच गुण वैरी होतो, कारण चाकास पकड मिळत नाहीं. बोरघाटांत लोहमार्ग सुमारें १६ मैलांत १,८३१ फूट वर चढविला. कित्येक ठिकाणीं ३७ फुटांस एक फूट अशी चढण आहे. तेथें दर टन वजनामागें नुसत्या गुरुत्वाकर्षणाची ओढ ६० पौंडांची पडते. वळणास जागा नसल्यामुळें एके ठिकाणीं इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोंकास जोडून उलट दिशेनें पुढें जावें लागे. हा खटाटोप १९२९ सालीं नवा मार्ग झाल्यावर संपला.

डोंगर फोडण्याचें काम १८५६ मध्यें सुरू झालें. २५ बोगदे खोदावयाचे होते. १८६१ सालीं कामावर सुमारें ४२,००० मजूर होते, आणि इतकीं माणसें रानांत एकत्र राहिल्यावर पटकीनें आपला वांटा घेतला. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्यें येथें आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अॅलिस हिनें मक्ता पुरा करविला. हीं दोन नांवें तरी राहिलीं. टोपल्या वाहतां वाहतां मेले, त्यांचीं नांवें कोण लिहून ठेवणार? तोंवर उतारू खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पालखींतून किंवा तट्टावर बसून घाट चढत.

१८६३ मध्यें घाट खुला झाला. कंपनीनें डब्यांचे वर्ग पाडले ते जातीवर नव्हे, भाड्यावर. तिसऱ्या वर्गाच्या दाटींत सोवळें संभाळणें कठीणच. तरी स्टेशनावर पाणी मात्र हिंदूंचें निराळें व मुसलमानांचें निराळें राहिलें. सवलत फक्त बसण्यापुरती!

पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि पळणाऱ्या माणसांबरोबर तोही गाडीनें निघाला. १८९७ च्या कायद्यानें उतारूंना तपासण्याचा अधिकार सरकारास मिळाला. इंजिनानें चढण जिंकली होती. आतां काखेंतील गांठ माणसास अडवूं लागली. कल्याणास डॉक्टर गाडींत शिरत, तेव्हां वरच्या वर्गाच्या उतारूंची तपासणी डब्यांतच होई; तिसऱ्या वर्गाचे लोक, बायकांमुलांसह, खालीं उतरून फलाटावर रांगेनें उभे राहत.