तळटीप : अब्राहामाची पंचवीस वर्षे

१२. लेखकाने येथे धरलेला हिशेब बायबलातील उत्पत्तीच्या पुस्तकातला आहे. देवाच्या शब्दावर हारान सोडले तेव्हा अब्राहाम (तेव्हाचा अब्राम) ७५ वर्षांचा होता. मुलगा इसहाक झाला तेव्हा १०० वर्षांचा. मधला काळ त्याने निमूट नामस्मरणात काढला, असे मात्र वाचकाने समजू नये. कनानात आल्यावर दुष्काळ पडला आणि तो मिसरात गेला. आपल्याला मूल नाही, वारस होणार तो घरचा अलियेजर, ही तक्रार त्याने थेट देवापुढेच मांडली. कनानात दहा वर्षे गेल्यावर त्याची बायको सारा हिने आपली मिसरी दासी हागार त्याला दिली. त्याच्या ८६व्या वर्षी इश्माएल जन्मला. प्रवचनांत हा भाग बहुधा चटकन उरकतात. नवराबायकोच्या उतावळेपणाची झळ हागारेला लागली, हे सांगणे अवघड जात असावे!

९९व्या वर्षी देवाकडून पुत्राचे वचन पुन्हा मिळाले तेव्हा अब्राहाम पालथा पडून हसला. पुढे सारासुद्धा तंबूच्या दारामागे हसली. तरीही सुंतेची आज्ञा अब्राहामाने वचन मिळाले त्याच दिवशी पाळली. त्याची निष्ठा पाहायची ती इथे. शंका मनात असतानाही सांगितलेले काम त्याने टाळले नाही.

पुत्र मिळाला, वचनातला देश मात्र नाही. सारेला पुरण्यासाठी हेब्रोनजवळची मकपेलाची गुहा आणि तिचे शेत त्याला एफ्रोन हित्तीकडून ४०० शेकेल चांदी मोजून विकत घ्यावे लागले. — संपादक